वस्तूचं नाव काढायचं नाही

श्रीमती सुभद्राबाई मोहिते, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का, यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरव-अंकासाठी मी लिहावं असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. सेवा मंडळात माझ्याहून जुनी, जाणती माणसं बरीच आहेत. त्यावर संपादक शांतपणे म्हणाले, "अक्कांना तुमच्याइतका त्रास दुसऱ्या कोणी दिलेला नाही. तुम्हीच लिहा." मुकाट्याने लिहायला बसलो.

अक्कांची माझी पहिली भेट झाली ती माझ्या आईच्या पायामुळे. सहा-सात वर्षांपूर्वी मी पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आलो. दिवसभर कंपनीत इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकीतोडकी हिंदी, आणि घरी आल्यावर भिंतींशी मराठी, असा माझा संसार होता. आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरात घसरून पडली. पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर काही दिवस वॉकर लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. वॉकर कुठे मिळतो हे मला कुठून ठाऊक असणार? घरमालक म्हणाले, "राजाजीनगरात अक्कांकडे जा. त्यांचं सेवा मंडळ अशा वस्तू वापरायला देतं. तुमच्याच भाषेच्या आहेत."

गेलो. मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या शेडमध्ये मोटार सोडून बाकी सगळं होतं. कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, लोखंडी खाटा, पाण्याच्या गाद्या. या सगळ्याच्या मधोमध एका स्टुलावर अक्का बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, अंगावर सुती साडी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मी कंपनीचं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि फॉर्म कुठे भरायचा असं विचारलं.

"ते आत ठेव," अक्का म्हणाल्या. "आईचं नाव काय? आणि तिला आंघोळ कोण घालतं?"

आई स्वतःच कशीबशी उरकत असेल, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर तो विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता. माझा चेहरा बघून अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वॉकर घेऊन रिक्षाने आल्या. आईच्या उंचीला तो बेतून दिला, तिला न्हाऊ घातलं, आणि जाताना शेजारच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना रोज आमच्याकडे यायला सांगून गेल्या. आमची आई पक्की पुणेरी. अक्कांची पाठ वळताच म्हणाली, "बाई देवमाणूस आहे, पण मराठी कसली रे ही! 'स्वल्प पाणी दे' म्हणे!" अक्कांच्या घराण्याला बंगलोरात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत कन्नड अशी काही मिसळून गेली आहे, की वेगळी काढू म्हटलं तरी निघणार नाही. पंधरा दिवसांत आमची आईसुद्धा मला "स्वल्प चहा टाक" म्हणायला लागली. वॉकरच्या मुठींनी तळहात दुखतात म्हणून तिने निळ्या लोकरीची दोन आवरणं विणून त्यांना घातली. बरी झाल्यावर ती स्वतःच्या पायांनी शेडपर्यंत चालत गेली आणि वॉकर परत केला. अक्कांनी त्या दिवशी चित्रान्न, म्हणजे इकडचा लिंबू-भात, केलं होतं. ताटावर बसल्या बसल्याच मी मंडळाचा सभासद झालो.

मंडळाच्या कामाची यादी या अंकात इतरत्र येईलच, ती मी पुन्हा देत नाही. हेब्बाळच्या नेत्रतपासणी शिबिरातली एकच आठवण सांगतो. गर्दी फार झाली म्हणून मी हुशारी करून सगळ्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि दारात उभा राहून "सतरा! अठरा!" असा ओरडत सुटलो. अक्कांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. "तीस वर्षं मी नंबर जोडले रे," त्या म्हणाल्या. "नंबर कधी बोलला नाही माझ्याशी. बोललं ते माणूस. नाव विचार आणि नावाने हाक मार." मग मी दिवसभर कन्नड नावं चुकीची उच्चारत राहिलो आणि रांगेतल्या म्हाताऱ्या बायका मला हसत राहिल्या. शिबिर उरकायला तासभर उशीर झाला, पण कोणी कुरकुर केली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

मंडळाकडून नेलेली वस्तू परत आणण्याबाबत अक्कांचा एक रिवाज आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण जुन्या सभासदांना तोंडपाठ आहे. वस्तू मागायची नाही. काही दिवस गेले की दोघांनी मिळून त्या घरी जायचं, बसायचं, दिलेली कॉफी प्यायची, माणसाची विचारपूस करायची आणि उठून यायचं. वस्तूचं नाव काढायचं नाही. घरातलं कोणी आपणहून विषय काढेल तेव्हाच ती उचलायची. आजारी माणूस बरा झालेला असो की गेलेला असो, नियम एकच.

मला हा शुद्ध गलथानपणा वाटायचा. एकदा एका घरी पाण्याची गादी महिनोन् महिने कोपऱ्यात वाळत पडली होती, आणि इकडे दुसऱ्या घरी आजोबांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. मी बैठकीत तावातावाने बोललो. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "तू म्हणतोस ते खोटं नाही," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या भाचीच्या बाळंतपणासाठी हुबळीला गेल्या. जाताना कोणी काय नेलं याची मंडळाची वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सांभाळ."

मी सांभाळली नाही, सुधारली. जेवणाच्या सुट्टीत बसून अख्खी वही कंपनीच्या संगणकात भरली. नाव, पत्ता, वस्तू आणि शेरा. दोन पत्रं तयार केली. बऱ्या झालेल्यांसाठी एक, "प्रकृतीस आराम पडल्याचे समजून आनंद झाला, वस्तू परत करावी." दुसरं निधन झालेल्यांच्या घरच्यांसाठी, "आपल्या दुःखात मंडळ सहभागी आहे, सवडीने वस्तू परत करावी." इंग्रजीत, झकास छापलेली. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून नावांचा आणि पत्त्यांचा रकाना वर्णानुक्रमे लावला. वस्तू आणि शेऱ्याचे रकाने त्यांच्याबरोबर हलवायचे राहिले. ते जागच्या जागीच बसून राहिले आणि नावं मात्र वरखाली झाली. कोणाचा शेरा कोणाच्या नावापुढे, काही ताळमेळच उरला नाही. मी एकदाही न बघता पत्रं पेटीत टाकली. संगणकाच्या धंद्यात पोट भरणाऱ्या माणसाने ही चूक करावी, यापरती लाज नाही. आज कंपनीत आम्ही सगळे दोन हजार साल उजाडल्यावर संगणक काय गोंधळ घालतील या चिंतेत आहोत. माझा गोंधळ मी त्याआधीच घालून ठेवला होता.

नवऱ्याला जाऊन तीन महिने झालेल्या बाईंना मी आराम पडल्याबद्दल आनंद कळवला. आणि के. आर. पुरमला राहणाऱ्या रंगोजीरावांच्या घरी त्यांच्या निधनाबद्दल शोक व्यक्त करणारं पत्र गेलं. रंगोजीराव चांगले जिवंत होते. पत्र त्यांनीच उघडलं.

रंगोजीराव रेल्वेत गार्ड होते. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात आणि डावा पाय गेला होता. मंडळाच्या चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांच्या सूनबाई गिरिजाबाई त्यांना रोज संध्याकाळी रेल्वे फाटकापाशी नेत. तिथे ते मनगटावरच्या घड्याळात बघून प्रत्येक गाडी वेळेवर आहे की उशिरा, हे जमलेल्यांना सांगत. दिवसातला तेवढा एक तास ते पुन्हा गार्ड असत. पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाने खुर्ची टेम्पोत घालून शेडमध्ये आणून दिली. खुर्चीला चिठ्ठी बांधली होती. उजव्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलेली. "वापरणारा राहिला नाही. वस्तू परत."

ती चिठ्ठी मी सोडवून वहीत ठेवली.

अक्का हुबळीहून आल्या त्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी आधी राजीनामा वाचला, मग ती दोन पत्रं वाचली, मग चिठ्ठी वाचली. मला वाटलं, आता झाडतात. त्या म्हणाल्या, "इंग्रजी छान आहे तुझं. जेवलास का?" मी होकारार्थी मान हलवली. "मग स्वल्प थांब, साडी बदलून येते. आणि ती खुर्ची रिक्षाच्या मागे बांध."

बाकीच्या घरी जायला आम्हाला चार दिवस लागले. कोणी रडलं, कोणी हसलं, नवरा गेलेल्या त्या बाईंनी तर मलाच समजावलं. पण रंगोजीरावांकडे निराळं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. घड्याळ काढून फळीवर ठेवलेलं, किल्ली न दिल्यामुळे बंद पडलेलं. गिरिजाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "फाटकावर न्यायला परवा दोघं शेजारी आले होते, उचलून नेतो म्हणाले. मामंजी नाही म्हणाले. जेवणसुद्धा दोन घास."

"रंगोजीअण्णा, आमची चूक झाली," अक्का म्हणाल्या.

रंगोजीरावांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "कोणी लिहिलं?"

मी तोंड उघडणार तोच अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मंडळाने लिहिलं," त्या म्हणाल्या.

अक्का अर्धा तास बसल्या. भाचीच्या बाळाबद्दल बोलल्या, हुबळीच्या उन्हाबद्दल बोलल्या, कॉफी प्यायल्या आणि उठल्या. खुर्ची कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात ठेवून आम्ही आत गेलो होतो. ती परत रिक्षाला बांधून आम्ही राजाजीनगरला आणली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. राजाजीनगर ते के. आर. पुरम म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. खुर्ची जड, रिक्षावाले नाकं मुरडणारे, दोरी सुटणारी. तिसऱ्या खेपेला माझा संयम संपला. मी म्हटलं, "अक्का, नाव तर काढायचं नाही म्हणता, मग खुर्ची कशाला वाहायची? एक तर विचारा, नाही तर ती शेडमध्ये राहू द्या."

"आणि त्यांनी मागितली आणि आपण म्हटलं की पुढच्या रविवारी आणतो, तर?" अक्का म्हणाल्या. "एकदाच मागतील रे ते. पुन्हा नाही मागणार."

मी निमूटपणे दोरी बांधली. अक्कांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. रिक्षातून उतरताना त्या माझ्या खांद्याचा आधार घेत, आणि खुर्चीला मात्र मला एकट्याला हात लावू देत नसत. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने मी.

सहाव्या रविवारी मला राहवलं नाही. अक्का गिरिजाबाईंशी बोलायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी खाटेजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, ते पत्र मी लिहिलं. यादी लावताना माझी चूक झाली. मंडळाची नाही, माझी."

रंगोजीरावांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक आहे हो, पुणेकर," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही एकटेच कॉफी पीत नव्हता."

मला रडू कोसळलं. आवरता आवरेना. ते बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी सोडायच्या आधी गार्ड काय करतो? पुढे बघतो आणि मागेही बघतो. दोन्ही बाजू बघून मग झेंडा दाखवतो. तुम्ही एकीकडेच बघितलंत."

"हो," मी म्हणालो.

"मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? मी मेलो असं लिहिलंत त्याचं नाही. माणसं चुकतात. मी मेलो असं कळूनही मंडळातून कोणी घरी आलं नाही, कागद आला, त्याचं वाटलं. अक्का असं करणार नाहीत, हे ठाऊक होतं मला. म्हणून आणखी वाटलं."

अक्का दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. येऊन बसल्या, कॉफीचा पेला माझ्या हातात दिला, आणि त्या दिवशी ती कॉफी मी प्यायलो.

सातव्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा रंगोजीराव उशीला टेकून बसले होते. घड्याळ मनगटावर होतं. अक्कांनी नेहमीप्रमाणे इकडचं तिकडचं सुरू केलं. तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. रंगोजीरावांनी घड्याळ बघितलं, कपाळाला आठी घातली. "अकरा मिनिटं उशीर," ते म्हणाले. "मी बघत नाही तर चालवतात कशीही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय पुणेकर, खुर्ची टायरवाल्याकडेच ठेवलीत का आजही?"

त्यांना केव्हाचंच माहीत होतं! टायरवाल्याने दुसऱ्याच रविवारी गिरिजाबाईंना सांगितलं होतं आणि त्यांनी सासऱ्यांना. सात रविवार ती खुर्ची शहर ओलांडून येते आणि परत जाते, हे ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मी कोपऱ्यापर्यंत धावत गेलो. परतताना खुर्ची ढकलत आणताना माझ्या तोंडून काय काय निघत होतं देव जाणे, टायरवाला मात्र "स्वल्प हळू, सार!" म्हणून मागून ओरडत होता. त्या संध्याकाळी फाटकापाशी आम्ही चौघं होतो. रंगोजीराव गाड्यांच्या वेळा सांगत होते, आणि अक्का पदराने डोळे पुसत होत्या. मी ते बघितलं, पण विचारलं नाही. हेही त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

राजीनामा अक्कांनी मला कधी परत दिला नाही आणि स्वीकारलाही नाही. तो त्यांच्या वहीत आहे. मध्यंतरी मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे अक्कांकडून ताक-भाताचा डबा यायचा. एकदा त्यातून तो राजीनामा निघाला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं, "डबा धुऊन पाठव." मी डबा धुऊन, राजीनामा त्यातच घालून पाठवला.

रंगोजीराव त्यानंतर तीन वर्षं फाटकावर जात होते. गेल्या वर्षी ते गेले. महिन्याभराने अक्का आणि मी त्यांच्या घरी गेलो, बसलो, कॉफी प्यायलो. मी एक अक्षर बोललो नाही. निघताना गिरिजाबाईंनीच पुसून, तेल घातलेली खुर्ची बाहेर आणली आणि म्हणाल्या, "अक्का, पुढच्या वेळी कोणाकडे जाणार असाल तर मलाही न्या." आज त्या मंडळाच्या सभासद आहेत, आणि वही त्यांच्या ताब्यात आहे. माझ्या ताब्यात ती पुन्हा कोणी दिली नाही, ते बरंच आहे.

आता जे लिहायचं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहितो. दोन महिन्यांपूर्वी अक्का शेडच्या पायरीवर पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, घरी आल्या, आणि वॉकर लागेल असं ठरलं. मी बाजारातून नवा कोरा आणायला निघालो होतो. अक्कांनी मला थांबवलं, गिरिजाबाईंकडून वही मागून घेतली, आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव आणि 'वॉकर' असं लिहिलं. शेडमधून निघाला तो निळ्या लोकरीच्या मुठींचा. लोकर आता विटली आहे, एका जागी उसवली आहे. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "नवी विणून पाठवते. मऊ लोकर घेते."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघंदोघं अक्कांकडे जातो. रिवाज त्यांचाच आहे, मोडायची काय बिशाद! बसतो, कॉफी पितो, मंडळाच्या बातम्या सांगतो. परवाच्या रविवारी गिरिजाबाई आणि मी गेलो होतो. अक्का खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा चालल्या, घामाघूम झाल्या, आणि खुर्चीत बसून माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "काय रे, हा वॉकर न्यायला आलास वाटतं?"

अक्का, त्या वेळी मला हसू आवरलं नाही म्हणून नीट उत्तर देता आलं नाही. ते आता सगळ्यांसमक्ष देतो. आमची सगळ्यांची एवढीच इच्छा आहे, की तुम्ही पुन्हा खणखणीत व्हावं, स्वतःच्या पायांनी शेडपर्यंत यावं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या स्टुलावर बसून आमच्यासारख्या शहाण्यांना "आंघोळ कोण घालतं?" असं विचारत राहावं. तुमच्या हातचं चित्रान्न खायला आम्ही सगळे येऊ. तोपर्यंत दर रविवारी येतच राहू, कितीही रविवार लागोत.

आणि वॉकर म्हणालात ना? कसला वॉकर, अक्का?